महालक्ष्मीतून दादरला उतरावं की सीएसएमटीला?

सांगलीत रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसलं की सकाळी मुंबई. परतीची तीच गाडी रात्री आठनंतर सुटते. म्हणजे हातात पुरता एक दिवस, आणि लॉजचा खर्च नाही. ठरवायचं एवढंच, की दादरला उतरून गिरणगाव, म्हणजे जुन्या कापड गिरण्यांचा भाग, बघायचा की शेवटपर्यंत जाऊन फोर्ट. दोन्ही एका दिवसात कोंबायचा हट्ट मी दोनदा केलाय. दोन्ही वेळा आठवतात ते लोकलचे जिनेच.

फोर्टात सगळं पायी होतं, हे त्याचं मोठं सुख. बॅगा क्लोकरूमला टाका (कुलूप लावलेल्या लागतात) आणि आधी स्टेशनच बघा. १८८८ साली पूर्ण झालेली ही इमारत २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे, पण गाडी धरायच्या घाईत ती कोण बघतंय? समोरची महापालिकेची इमारतही त्याच वास्तुविशारदाची, फ्रेडरिक स्टीव्हन्सची. तिथून पंधरा-वीस मिनिटं चाललं की हुतात्मा चौक.

पण फोर्टातली माझी आवडती जागा म्हणजे ओव्हल मैदान. मधोमध उभं राहा. पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ आणि १८७८ चा राजाबाई टॉवर, सगळं दगडी आणि टोकदार. पश्चिमेला १९३०-४० च्या सुमाराच्या, गोलसर गॅलऱ्यांच्या आर्ट डेको इमारती. साठेक वर्षांत शहराची आवड किती पालटली, ते मान वळवली की दिसतं. टॉवरला राजाबाई हे नाव प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याच्या आईचं. पैसा त्यांनीच दिला होता.

गेटवे १९२४ चा. फोटो काढा, पुढे चला. घारापुरीची लाँच मात्र टाळा, अर्धा दिवस तिथेच जातो. सोमवारी तर लेणी बंदच असतात.

गिरणगावाचं गणित वेगळं. बघण्याच्या जागा लांब-लांब, मध्ये स्लो लोकल किंवा टॅक्सी. दादरचा फुलबाजार सकाळीच गाठायचा, मग शिवाजी पार्क ओलांडून चैत्यभूमी. तिथून भायखळ्याला राणीची बाग आणि तिच्या शेजारीच १८७२ चं भाऊ दाजी लाड संग्रहालय. बुधवारी दोन्ही बंद. परतताना लालबागची मिरची गल्ली आणि चिवडा गल्ली. चिवडा चांगला असतो, पण भडंगावर वाढलेल्या माणसाने फार आशा ठेवू नये.

एवढंच असतं तर मी फोर्टच सांगितलं असतं. पण आपल्याकडच्या कितीतरी घरांतला कुणीतरी इथे गिरणीत होता. एका खोलीत पाळ्या लावून झोपायचं, खानावळीत जेवायचं, गावी मनीऑर्डर धाडायची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले आणि बरेच जण कायमचे गावी परतले. लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागेवर आज मॉल आहे. आमच्या चुलत आजोबांना तिकडे नेलं होतं. ते आत आलेच नाहीत. दारातच उभं राहून म्हणाले, "साचाखातं कुठल्या अंगाला होतं, आता कळंना झालंय." साचाखातं म्हणजे मागांचा विभाग.

तेव्हा पहिल्यांदाच मुंबईला निघालेल्यांनी, लहान मुलं बरोबर असतील तरीही, सरळ फोर्ट धरावं. त्यातही रविवार उत्तम, कारण हापिसं बंद असल्याने फुटपाथ मोकळे असतात. गिरणगावाला रविवारी जाऊ नका, रुळांच्या देखभालीच्या मेगाब्लॉकमध्ये स्लो लोकलचे हाल होतात. पण घरात कुणी जुना गिरणी कामगार असेल, आणि त्याचे गुडघे अजून साथ देत असतील, तर रविवार-बुधवार सोडून कुठल्याही वारी त्याला घेऊन दादरलाच उतरा. गाडी तिथे फार वेळ थांबत नाही, ठाणं गेलं की सामान दाराशी आणून ठेवा.