ओएम५ ट्रंक केबल: दोन वर्षांच्या वापरानंतर

नवी मुंबईत महापे येथे आमचा एक लहान डेटा हॉल, म्हणजे सर्व्हर ठेवण्याची खोली, आहे. तेथील रॅकच्या रांगा एकमेकींना जोडण्यासाठी आम्ही दोन वर्षांपूर्वी बारा फायबरच्या, दोन्ही टोकांना एमपीओ कनेक्टर (अनेक फायबर एकत्र जोडणारे टोक) बसवून आलेल्या, ओएम५ प्रतीच्या ट्रंक केबल घेतल्या. ओएम३, ओएम४ आणि ओएम५ या मल्टिमोड, म्हणजे जाड गाभ्याच्या, फायबरच्या चढत्या प्रती. केबल म्हणून मालात खोट काढण्यासारखे काही नाही. जॅकेट मऊ आहे, ट्रेमध्ये वळवताना ती अडत नाही, प्रत्येक केबलबरोबर कारखान्यातील चाचणीचा कागद आला आणि आम्ही स्वतः मोजलेला लॉस (वाटेत होणारी प्रकाशाची घट) त्या कागदाशी जुळला. तरीही आज पुन्हा खरेदी करायची झाली, तर मी ही केबल घेणार नाही.

विक्रेत्याने सांगितले होते की ओएम५वर १०० जी (सेकंदाला १०० गिगाबिट) १५० मीटरपर्यंत चालते. हे विधान खोटे नव्हते, पण अर्धवट होते. ओएम५चे वैशिष्ट्य असे, की ती ८५० पासून ९५३ नॅनोमीटरपर्यंतच्या तरंगलांबींसाठी तपासलेली असते. त्यामुळे एकाच फायबरमधून दोन किंवा चार तरंगलांबी पाठवणाऱ्या ट्रान्सीव्हरना (विद्युत संकेताचा प्रकाश करणारे, स्विचमध्ये बसणारे भाग), म्हणजे बायडाय किंवा एसडब्ल्यूडीएम४ यांना, तिचा लाभ मिळतो आणि १५० मीटरचा आकडा त्यांचाच आहे. आमच्या स्विचमध्ये मात्र १००जीबेस-एसआर४चे ट्रान्सीव्हर होते. ते चार स्वतंत्र फायबरवर एकाच ८५० नॅनोमीटरने प्रकाश पाठवतात, आणि त्या तरंगलांबीला ओएम५ची बँडविड्थ ओएम४इतकीच, म्हणजे ४७०० मेगाहर्ट्झ-किलोमीटर, असते. साहजिकच एसआर४ची मर्यादा ओएम३वर ७० मीटर, ओएम४वर १०० मीटर आणि ओएम५वरही १०० मीटरच राहते. जास्तीचे पैसे मोजून आम्ही एकही मीटर विकत घेतला नव्हता.

हॉलमधल्या हॉलमध्ये हे जाणवले नसते, कारण तेथील सर्वांत लांब मार्ग ८५ मीटरचा आहे. पंचाईत झाली ती वरच्या मजल्यावर जाणाऱ्या ११८ मीटरच्या मार्गाची. लिंक पहिल्याच दिवशी वर आली, हिरवा दिवा लागला आणि सगळ्यांनी काम संपले असे मानले. एसआर४मध्ये चुका दुरुस्त करणारी एफईसी अनिवार्य असल्यामुळे मधली कमजोरी वापरणाऱ्याला दिसत नाही. स्विचवरील दुरुस्त झालेल्या चुकांचा आकडा पाहिला तरच ती कळते. आम्ही तो आकडा पाहिला तो तीन महिन्यांनी, लिंक दुपारच्या वेळी मधूनमधून पडू लागल्यावर. दिवा हिरवा असणे आणि जोडणी निरोगी असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला माहीत होते. तपासण्याचा आळस मात्र माझाच.

ज्यांना अशी निवड करायची आहे, त्यांनी अंतराइतकेच लक्ष लॉसच्या हिशेबाकडे द्यावे. ओएम४वरील एसआर४ला एकूण १.९ डेसिबल लॉस चालतो, आणि त्यातले १.५ डेसिबल जोडांसाठी धरलेले असतात. साध्या प्रतीच्या एमपीओ जोडाचा कमाल लॉस ०.७५ डेसिबल धरला, तर मार्गात दोनच जोड बसतात. तिसऱ्या पॅच पॅनेलला, म्हणजे केबल जोडण्याच्या आणखी एका पट्टीला, जागा उरत नाही. कमी लॉसचे, ०.३५ डेसिबलचे कनेक्टर घेतले, तर चार जोड निभावतात. ओएम५साठी मोजलेले जादा पैसे आम्ही या कनेक्टरवर खर्च करायला हवे होते.

४०० जीचा विचार करून ओएम५ घ्यावी, असाही सल्ला मिळतो. ४००जीबेस-एसआर४.२ हा दोन तरंगलांबींचा प्रकार ओएम४वर १०० आणि ओएम५वर १५० मीटर जातो, हे खरे आहे. ज्यांचे बहुतेक मार्ग १०० ते १५० मीटरच्या पट्ट्यात आहेत आणि जे नेमका हाच ट्रान्सीव्हर वापरणार आहेत, त्यांच्यासाठी ही केबल योग्य ठरेल. मात्र असा हॉल माझ्या पाहण्यात नाही.

वरच्या मजल्यासाठी आम्ही अखेर ओएस२ प्रतीची सिंगल मोड, म्हणजे बारीक गाभ्याची, फायबर टाकली. सिंगल मोडची केबल मल्टिमोडपेक्षा स्वस्तच पडते; महाग असतो तो ट्रान्सीव्हर, आणि लहान हॉलमध्ये हाच फरक मल्टिमोडच्या बाजूने जातो. आम्ही तेथे १००जीबेस-डीआर हा सिंगल मोडचा ट्रान्सीव्हर बसवला. त्याची मर्यादा ५०० मीटर असल्यामुळे ११८ मीटरचा प्रश्नच उरला नाही, आणि पुढे ४००जीबेस-डीआर४कडे जायचे झाले तरी केबल तीच राहील. एक त्रास मात्र वाढला: सिंगल मोडचा गाभा सुमारे ९ मायक्रॉनचा, मल्टिमोडचा ५०चा, त्यामुळे धुळीचा जो कण मल्टिमोडवर खपून जातो तो येथे प्रकाश अडवतो. प्रत्येक टोक लावण्यापूर्वी स्कोपखाली (सूक्ष्मदर्शकाखाली) पाहणे हा आता आमच्याकडे नियम आहे. हिरव्या एपीसी, म्हणजे तिरक्या घासलेल्या, टोकाला सपाट टोक जोडू नये, हेही नव्या मुलांना हातात धरून दाखवावे लागते.

रंगाबद्दल एक कौतुक करायला हवे. ओएम३ आणि ओएम४ दोन्ही बहुधा अ‍ॅक्वा रंगात येतात आणि जॅकेटवरची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय ओळखू येत नाहीत. ओएम५चा लिंबोणी हिरवा रंग ट्रेमध्ये लांबूनही चुकत नाही. ती ११८ मीटरची केबल अजून तेथेच आहे. ओढून काढायला गेलो तर तिच्यावर पडलेल्या चालू केबलना धक्का लागेल, म्हणून दोन्ही टोकांना टोपणे लावून ‘एसआर४साठी वापरू नये’ अशी चिठ्ठी तिच्यावर बांधून ठेवली आहे.