जुनं व्हिटबी: फ्रिथचं की सटक्लिफचं?

जुनं ब्रिटन फोटोंतून बघायचं तर फ्रान्सिस फ्रिथ हे पहिलं नाव. इजिप्तच्या सफरी करून आल्यावर 1860च्या सुमारास त्याने इंग्लंडमधल्या रायगेट गावात फोटोंची कंपनी काढली आणि देशातलं गावन् गाव टिपायचा ध्यास घेतला. तो 1898 मध्ये गेला, तरी कंपनीचं काम पुढे कित्येक दशकं चालू राहिलं. एखाद्या खेड्याचा चौक, चर्च, पूल हवा असेल तर इथेच शोधा. दुकानांच्या पाट्यासुद्धा वाचता येतात. मूळ गावचं आपलं घर शोधणाऱ्याला याहून मोठा ठेवा नाही. पण माणसं बहुतेक लांब, ठिपक्यांएवढी.

फ्रँक मेडो सटक्लिफचं उलट. यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरचं व्हिटबी हीच त्याची दुनिया. पोटापाण्यासाठी तो पर्यटकांचे फोटो काढायचा, पण जीव अडकला होता बंदरात. कठड्याला रेलून गप्पा मारणारे कोळी, अंगात घट्ट विणीचे जाड लोकरी स्वेटर. गळांना आमिष लावत बसलेल्या बायका. 1886 मधला तो प्रसिद्ध फोटो बघा: उथळ पाण्यात होडीभोवती उघडीनागडी पोरं, आणि मागे धुक्यात विरघळलेलं बंदर. ती पोरं आत्ता हाक मारतील असं वाटतं!

गल्ली शोधायची तर फ्रिथ. मला विचाराल तर मी सटक्लिफकडेच जाईन, कारण त्याला ही माणसं रोज भेटत होती आणि ते फोटोत दिसतं.