साडेसोळा लाखांचं गणित आणि १०५ रुपयांची कपात

ऑक्टोबर २०२१. ह्यांची रात्रपाळी होती, भोसरी एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये, ठेकेदाराकडून. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबली तरच प्रेस खाली येते. हात आत राहू नये म्हणून ती सोय. तिथे एक बटण तारेने कायमचं दाबून बांधलेलं होतं, माल लवकर निघावा म्हणून. पहाटे साडेचारला उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं आणि मधलं, अशी दोन बोटं मुळापासून गेली. तेव्हा ह्यांचं वय ३५.

ठेकेदाराने खाजगी दवाखान्यात नेलं, बिल भरलं. आम्हाला तो देवमाणूस वाटला. ईएसआयसीच्या, म्हणजे सरकारी कामगार विम्याच्या, दवाखान्यात नेलं की अपघाताची नोंद होते, चौकशी लागते, हे मला पावणेदोन वर्षांनी कळलं.

चौथ्या दिवशी दवाखान्यातच एक माणूस भेटायला आला. युनियनचं काम करतो म्हणाला. "वहिनी, आमचे वकीलसाहेब अशाच केसेस बघतात. पैसे मिळाल्याशिवाय एक रुपया घेत नाहीत." मी लातूरकडची, पुण्यात येऊन सहा वर्षं झालेली, ब्लाउज शिवून घराला हातभार लावणारी. कोर्टाची पायरी कधी चढले नव्हते. दवाखान्याच्या खाटेपर्यंत चालून येणारा वकिलाचा माणूस कमिशनवर असतो, हे मला सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून मी तुम्हाला सांगते आहे. अशा माणसाला तिथूनच परत पाठवा.

वकिलाने ऑफिसात आमच्यासमोर कागदावर हिशोब मांडला. तो कागद अजून माझ्याकडे आहे. पगार १४,०००. त्याचे साठ टक्के, ८,४००. वय ३५, म्हणून गुणक १९७.०६. गुणाकार १६,५५,३०४. खाली दोन रेघा ओढल्या आणि म्हणाला, "एवढा तुमचा हक्क आहे." यातला एकही आकडा खोटा नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात तेच सूत्र होतं. फक्त हा हिशोब माणूस पूर्ण निकामी झाला तर लागू होणारा. एका हाताची दोन बोटं गेली तर त्याच कायद्याच्या परिशिष्टात कमाईच्या क्षमतेचं नुकसान २० टक्के धरलेलं होतं. म्हणजे त्या सूत्रानेही ३,३१,००० च्या आसपास. ती शेवटची ओळ त्याने लिहिलीच नाही. खरं गणित अर्धवट दाखवून फसवता येतं, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं?

मग सह्या. वकीलपत्र, तीस टक्के फीचा करारनामा आणि शंभरचा एक कोरा स्टँप पेपर. "पुढे ॲफिडेव्हिट लागेल, तुम्हाला परत हेलपाटा नको." ह्यांचा उजवा हात बँडेजमध्ये होता. दहावी शिकलेल्या माणसाने तिन्ही ठिकाणी डाव्या हाताचा अंगठा उठवला. शाईचं बोट पुसायला मी रुमाल दिला तर नको म्हणाले, पँटलाच पुसलं.

पगाराची स्लिप, आधार, दवाखान्याचे कागद, ईएसआयसीचं कार्ड, सगळं मूळचं त्याच्याकडे गेलं. मी झेरॉक्ससुद्धा काढून ठेवली नाही. काय वाटेल ते झालं तरी मूळ कागद हातचे सोडू नका. वकिलाला बघायला द्या, झेरॉक्स द्या, कोर्टात दाखल करायचेच असतील तर यादी करून पोच घ्या.

"पैसे मिळाल्याशिवाय एक रुपया नाही" हे दीड महिना टिकलं. मग कोर्टखर्च म्हणून १५,०००. अपंगत्वाच्या सर्टिफिकेटसाठी १२,०००. समोरच्या पार्टीला समन्स काढायला ९,०००. शेवटी "ठेकेदार तडजोडीला तयार आहे, थोडं वजन ठेवावं लागेल" म्हणून २५,०००. एकूण ६१,०००, सगळे रोख, पावती एकाचीही नाही. माझ्या आईने मला घातलेले कानातले झुबे त्या शेवटच्या पंचवीस हजारांपायी गहाण पडले. आणि सर्टिफिकेटचं म्हणाल तर, दिव्यांग प्रमाणपत्राचा आणि यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन स्वतः भरता येतो, त्याला फी नाही. तपासणी सरकारी रुग्णालयात होते. बारा हजारांचं सर्टिफिकेट आम्हाला कधी दिसलंही नाही.

दर महिन्याला तारीख पडायची. कधी न्यायाधीश रजेवर, कधी समोरचा वकील गैरहजर, कधी बोर्डावर नंबरच आला नाही. केस नंबर मागितला तर व्हॉट्सॲपवर एक पाठवला. मी तो वहीत लिहून ठेवला आणि निश्चिंत झाले. एप्रिल २०२३ मध्ये रोजनाम्याची, म्हणजे दर तारखेला कोर्टात काय झालं त्या नोंदीची, नक्कल मागितली तर भडकला. "विश्वास नसेल तर फाईल घेऊन जा." बरं म्हटलं, द्या फाईल. तर म्हणे आधी उरलेली फी भरा. वकिलाला फीसाठी पक्षकाराची फाईल अडवता येत नाही, असा सुप्रीम कोर्टाचा निकाल २००० सालापासून आहे. मी मात्र त्या दिवशी माफी मागून घरी आले.

जिचे फ्रॉक शिवते त्या मुलीच्या आईने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं नाव सांगितलं. प्रत्येक जिल्हा न्यायालयात ते असतं. पुण्यात शिवाजीनगरला. १९८७ च्या कायद्याने बायका, दिव्यांग व्यक्ती, औद्योगिक कामगार, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा फोन नंबर. म्हणजे नुसती बाई म्हणूनसुद्धा मला पहिल्या दिवसापासून वकील फुकट मिळत होता, आणि मी झुबे गहाण टाकत होते.

तिथल्या वकील मॅडमनी आधी नंबर तपासला. तो दुसऱ्याच कुणाच्या केसचा निघाला. आमची केस दाखलच नव्हती. मी खुर्चीत बसूनच होते, त्यांनी पाणी दिलं. मग विचारलं, "पगाराची एखादी स्लिप आहे का?" नशिबाने एक जुनी ह्यांच्या मोबाईलमध्ये फोटो काढलेली होती. मॅडमनी स्क्रीन मोठी केली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ईएसआयसी, १०५ रुपये. चौदा हजारांचे पाऊण टक्का. "ताई, ही कपात होत होती म्हणजे हे विमाधारक आहेत. ईएसआय कायद्याचं कलम ५३ असं आहे की विमाधारकाला त्याच अपघातासाठी नुकसानभरपाई कायद्याखाली दावाच करता येत नाही. मिळायचं ते ईएसआयसीकडून."

म्हणजे ज्या दाव्याच्या नावावर आमचे पैसे गेले, तो त्याने खरोखर दाखल केला असता तरी टिकला नसता. आणि ही स्लिप, हे कार्ड पहिल्या दिवसापासून त्याच्याच टेबलावर होतं.

कामावरच्या अपघाताला ईएसआयसीमध्ये किती महिने वर्गणी भरली याची अट नव्हती. ठेकेदाराने वर्गणी थकवली असती तरी कामगाराचा हक्क बुडत नव्हता, वसुली मालकाकडून होते. बरं होईपर्यंत पगाराच्या नव्वद टक्के, आणि कायमचं अपंगत्व राहिलं तर मेडिकल बोर्ड ठरवील त्या टक्क्यांप्रमाणे दरमहा रक्कम, तहहयात. वकील लागत नाही. बोर्डाचा टक्का मान्य नसेल तर अपील असतं, तेव्हा हवा तर घ्या.

आम्ही अर्ज केला, सोबतच्या दोन कामगारांनी जबाब दिले. ते दोघे नोकरी पणाला लावून आले, त्यांचं ऋण कसं फेडू ते कळत नाही. २०२४ मध्ये बोर्ड झालं, २० टक्के. दिवसाला ८४ रुपयांच्या आसपास, महिन्याला अडीच हजार, मागच्या थकबाकीसह. घरी बसलेल्या पाच महिन्यांच्या नव्वद टक्क्यांसाठी मात्र अजून खेटे चालू आहेत, कारण तेव्हा ईएसआयसीच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट घेतलेलं नव्हतं.

वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे वकिलाविरुद्ध तक्रार केली आहे. निकालातला हिस्सा फी म्हणून ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत बंदी आहे, सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्येही तेच सांगितलं. ज्या तीस टक्क्यांच्या कागदाला मी घाबरत होते तोच आता तक्रारीला जोडला आहे. एकसष्ट हजारांपैकी काही परत आलेलं नाही. तक्रारीवर ह्यांनी सही केली, डाव्या हाताने. वर्षभर मुलीच्या जुन्या वहीत गिरवून बसवलेली सही.

तक्रारीची नोटीस गेल्यावर फाईल परत आली. मूळ कागद सगळे आहेत, मी एकेक मोजून घेतला. अंगठा उठवलेला कोरा स्टँप पेपर तेवढा त्यात नाही.