किराईत काढा चूर्ण, 100 ग्रॅम: ताप उतरला, हिवताप नाही

पाचपैकी एक तारा. तोही किराईत माझ्या आजीच्या काळापासून घरात आहे म्हणून.

बेळगावच्या बाजारातल्या एका काष्ठौषधीच्या दुकानातून आईनं ही पुडी आणली. किंमत 120 रुपये. वर ठळक अक्षरांत 'हिवतापावर रामबाण'. परवाना क्रमांक नाही, बॅच नंबर नाही, तयार केल्याची तारीख नाही. आत काय आहे तर 'किराईत व इतर वनस्पती'. आता किराईत म्हणजे कुठलं? हिमालयाकडून येणारं काडेकिराईत वेगळं आणि आमच्या खानापूर भागात परसात उगवणारा भुईनिंब, ज्याला कन्नड शेजारी नेलबेवू म्हणतात, तो वेगळा. दोन्ही कडूजहर. काडेकिराईत महाग, म्हणून त्याच्या नावावर भुईनिंब खपवतात हे जुनं दुखणं आहे. पूड केल्यावर डोळ्यांनी ओळखणार कसं?

माझा धाकटा भाऊ गोव्यात सेंट्रिंगच्या कामावर असतो. पावसाळ्यात तापानं फणफणून घरी आला. आईनं दोन चमचे चूर्ण दोन पेले पाण्यात घालून अर्धा पेला होईपर्यंत आटवलं. त्यानं नाक दाबून प्यायलं. रात्री दरदरून घाम आला, ताप उतरला. सकाळी म्हणाला, "आता बरं वाटूलालंय." आईनं देवापुढं दिवा लावला. मीही खूश झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला पुन्हा हुडहुडी. अंगावर दोन वाकळा टाकल्या तरी दात वाजत होते, खाट हलत होती.

इथंच आम्ही फसलो, आणि अशी कितीतरी घरं फसत असतील. व्हायवॅक्स या प्रकारच्या हिवतापाचे जंतू साधारण 48 तासांनी रक्तातल्या तांबड्या पेशी फोडून बाहेर पडतात, तेव्हा थंडी वाजून ताप चढतो. मधला दिवस बरा जातो. कुणी काही दिलं नाही तरी जातो. त्या बऱ्या दिवसाचं श्रेय आम्ही काढ्याला देऊन टाकलं होतं.

गल्लीतल्या आशाताईंनी बोटाला सुई टोचून किटवर रक्ताचा थेंब घेतला. पंधरा-वीस मिनिटांत दोन रेघा उमटल्या. काचपट्टीवरही रक्त घेतलं. व्हायवॅक्सच निघाला. क्लोरोक्विन तीन दिवस, प्रायमाक्विन 14 दिवस, सगळं फुकट. प्रायमाक्विन कशाला, तर जंतू यकृतात दडून बसतात आणि काही महिन्यांनी पुन्हा उठतात म्हणून. लघवी काळपट झाली तर गोळी लगेच थांबवून दवाखान्यात या, असं ताईंनी आईला दोनदा बजावलं. पुडीवर अशी एक ओळ तरी आहे का? गरोदर बाईनं घ्यावं की नाही, लहान पोराला किती द्यावं, काही नाही.

मी झाडपाल्याच्या विरोधात नाही. हिवतापावरची दोन मोठी औषधं झाडांनीच दिली: सिंकोनाच्या सालीतून क्विनाइन (1820 मध्ये वेगळं काढलं) आणि चीनमधल्या चिंगहाव या वनस्पतीतून आर्टेमिसिनिन. चिंगहाववर काम करणाऱ्या चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांना 2015 चं नोबेल मिळालं. त्यांचे सुरुवातीचे अर्क नीट चालेनात. मग सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका ग्रंथात त्यांना सापडलं की ती वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस प्यायचा, उकळायची नाही. उष्णतेनं गुण जात होता. त्यांनी कमी तापमानाला ईथर नावाच्या द्रवात अर्क काढला आणि 1971 मध्ये 191 वा नमुना उंदरांवर पूर्ण लागू पडला. नंतर माणसाला घातक नाही ना, हे बघायला आधी स्वतः घेतला. आणि आमच्या चुलीवर प्रत्येक पाला उकळायचाच.

आपल्याकडंही अशी तपासणी झालेली आहे. सातवीण, कुटकी, किराईत आणि सागरगोटा यांची 'आयुष-64' गोळी हिवतापासाठीच बनवली गेली. व्हायवॅक्सच्या रुग्णांवर ती क्लोरोक्विनच्या बरोबरीनं तपासली तेव्हा 28 व्या दिवशी क्लोरोक्विनवाले सगळे बरे होते, आयुष-64 वाले निम्म्याच्या आसपास. हे 2000 साली छापूनही आलं. मला तो निकाल मोलाचा वाटतो. झाडपाला मानणाऱ्यांनी तर तो आधी वाचावा. औषध लागू पडलं का हे रक्त बघून ठरतं, तेही 28 दिवस. घाम आला यावरून नाही.

वनौषधींवर काम करणारी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय संस्था आमच्याच बेळगावात, नेहरूनगरात आहे. त्याच गावात अशी बिननावाची पूड रामबाण म्हणून विकली जाते, याचं फार वाईट वाटतं.

दुकानदाराला विचारलं, हे कुठं तपासलंय? म्हणाले, "ताई, तीन पिढ्या विकतोय." मी म्हटलं, रामबाण हा शब्द तेवढा काढा. बघतो म्हणाले.

भावाची चौदावी गोळी काल झाली. पुडी अर्धी उरली आहे, आईनं ती वरच्या फळीवर ठेवली आहे. टाकायला तिचा हात होत नाही.