उतरत्या विमानाची रेडिओसेवा : बोलणं भक्कम, ऐकणं कच्चं

विमान उतरायला लागलं की शेवटचे चाळीसेक मैल ते ॲप्रोच कंट्रोलच्या, म्हणजे विमानतळाकडे येणारी विमानं सांभाळणाऱ्या कंट्रोलरच्या, आवाजावर चालतं. किती उंचीवर यायचं, कुठे वळायचं, वेग किती ठेवायचा, धावपट्टी कोणती, हे सगळं 118 ते 137 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या एखाद्या एएम फ्रिक्वेन्सीवर तोंडी सांगितलं जातं. गर्दीच्या वेळी त्याच फ्रिक्वेन्सीवर आणखी डझनभर विमानं आपली पाळी यायची वाट बघत असतात. या सेवेला आम्ही पाचपैकी साडेतीन गुण देऊ. कापलेले दीड गुण जवळजवळ सगळे एकाच जागी जातात: पायलटने परत म्हणून दाखवलेलं वाक्य कंट्रोलर खरंच ऐकतो का, तिथे.

आधी चांगलं काय ते. रीडबॅकचा नियम सुरेख आहे. उंची, दिशा, वेग, क्यूएनएच (हवेच्या दाबाचा आकडा), स्क्वॉक कोड (रडारवर विमान ओळखायचा चार आकडी क्रमांक), वापरातली धावपट्टी, उतरण्याची परवानगी, धावपट्टी ओलांडण्याची किंवा तिच्याआधी थांबण्याची सूचना, हे सगळं पायलटने शब्दशः परत म्हणायचं असतं. नुसतं ‘रॉजर’ चालत नाही, कारण रॉजरचा अर्थ ‘ऐकलं’ एवढाच. होकार नाही आणि आकडा कळल्याची पावती तर अजिबात नाही. आकड्यांचे उच्चारही ठरलेले: थ्रीचं ‘ट्री’, नाइनचं ‘नाइनर’. बोलण्याचा वेग मिनिटाला शंभर शब्दांच्या वर जाऊ द्यायचा नाही. बटण दाबून क्षणभर थांबून मगच बोलायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो, आणि तो बहुधा कॉल साइनच, म्हणजे विमानाचं रेडिओवरचं नावच, असतो.

आता ही सेवा जिथे फसते ते. 19 फेब्रुवारी 1989 ला फ्लाइंग टायगरचं मालवाहू 747 क्वालालंपूरच्या सुबांग विमानतळाकडे येत होतं. कंट्रोलरने सांगितलं, ‘डिसेंड टू फोर झीरो झीरो’. त्याच्या मनात होतं 2,400 फूट. कॉकपिटमध्ये ‘टू’ हा आकडा न राहता ‘पर्यंत’ झाला आणि 400 उरले. उत्तर गेलं: ‘ओके, फोर झीरो झीरो’. चूक दुरुस्त व्हायची जागा नेमकी हीच होती. उत्तरातून एक ‘टू’ गायब आहे हे कंट्रोलरच्या ध्यानात आलं नाही. जमीन जवळ आल्याचा इशारा कॉकपिटमध्ये वाजत होता, तोही मनावर घेतला गेला नाही. विमान 437 फुटांवर डोंगराला धडकलं आणि आतले चौघेही गेले. ‘टू थाउजंड फोर हंड्रेड फीट’ असं म्हटलं असतं तर ‘टू’ला दुसरा अर्थ चिकटायला जागाच नव्हती. ब्रिटिशांनी आपल्या नियमांत हे पक्कं केलंय: फ्लाइट लेव्हल (शेकडो फुटांत सांगितलेली वरची उंची) सांगताना आधी ‘टू’ नाही, म्हणायचं असेल तर ‘टू ऑल्टिट्यूड’ असं पुढच्या शब्दासकट म्हणायचं. दिशेचा आकडा शून्यावर संपत असेल तर पुढे ‘डिग्रीज’ लावायचं, म्हणजे तो फ्लाइट लेव्हल वाटत नाही. हे बारकावे सगळ्या जगाने उचलावेत असं आम्हाला मनापासून वाटतं.

क्यूएनएचची गोष्ट याहून अवघड. हा समुद्रसपाटीला आणलेला हवेचा दाब. तो अल्टिमीटरमध्ये, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची दाखवणाऱ्या यंत्रात, भरला की उंची बरोबर दिसते. एक हेक्टोपास्कल चुकला की साधारण 28 फूट चुकतात. 23 मे 2022 ला पॅरिसच्या शार्ल द गॉलवर दाब 1001 होता, कंट्रोलरच्या तोंडून 1011 गेला. एका ए320 च्या पायलटने 1011 असाच चोख रीडबॅक दिला, आणि चुकीला चूक जुळल्यामुळे कुणालाच काही खटकलं नाही. त्या दिवशी धावपट्टीचं आयएलएस, म्हणजे उतरण्याची वाट दाखवणारी यंत्रणा, बंद होतं. आयएलएसचा उतार जमिनीवरून येणाऱ्या लहरी दाखवतात, त्याला अल्टिमीटरशी देणंघेणं नसतं. पण हे विमान अल्टिमीटरवरच उतार मोजत होतं, म्हणजे सगळा मार्गच सुमारे 280 फूट खाली सरकला. गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर जाणं) सुरू झाला तेव्हा धावपट्टी जवळजवळ एक मैल लांब होती आणि जमिनीपासूनची खरी उंची मोजणाऱ्या रेडिओ अल्टिमीटरवरचा सर्वांत कमी आकडा होता 6 फूट. एटिसवर, म्हणजे विमानतळाच्या हवामानाची माहिती सतत ऐकवणाऱ्या ध्वनिमुद्रित प्रसारणावर, मात्र 1001 च वाजत होता. त्यामुळे कंट्रोलरने सांगितलेला क्यूएनएच एटिसशी ताडून बघणं ही पाच सेकंदांची सवय आम्ही या सेवेतली सर्वांत स्वस्त दुरुस्ती मानतो.

शब्द बरोबर, आकडे बरोबर, तरी निरोप पोचत नाही, असंही होतं. 25 जानेवारी 1990 ला आव्हियांकाचं 707 न्यूयॉर्कबाहेर तीन ठिकाणी मिळून 77 मिनिटं घिरट्या घालत होतं. पहिला ॲप्रोच, म्हणजे उतरण्याचा प्रयत्न, फसला. कॅप्टन को-पायलटला म्हणत होता, इमर्जन्सी आहे असं सांग. रेडिओवर गेलं ते ‘इंधन संपत आलंय’ एवढंच. पुढे कंट्रोलरने विचारलं, पंधरा मैल नेऊन परत वळवतो, इंधनाच्या दृष्टीने चालेल ना? उत्तर आलं: चालेल असं वाटतं, आभारी आहे. विमान कोव्ह नेकला पडलं, 73 माणसं गेली. आज यासाठी ठराविक शब्द आहेत. ‘मिनिमम फ्युएल’ म्हणजे यापुढे उशीर परवडणार नाही. ही इमर्जन्सी नव्हे. ‘मेडे फ्युएल’ म्हणजे इमर्जन्सी. यांच्या मधलं काहीही कंट्रोलरच्या लेखी नेहमीचीच तक्रार ठरतं.

आपल्याकडचा चरखी दादरीचा अपघात 12 नोव्हेंबर 1996 चा. दिल्लीला उतरणारं कझाक इल्युशिन आणि नुकतंच उडालेलं सौदी 747 यांची टक्कर होऊन 349 जण गेले. इल्युशिनला पंधरा हजार फुटांवर थांबायचं होतं, ते त्याच्याही खाली गेलं. त्यात कंट्रोलरशी बोलत होता रेडिओ ऑपरेटर, विमान चालवत होते दुसरे. तेव्हा दिल्लीच्या रडारवर विमानाची उंची दिसत नव्हती. पायलट सांगेल त्यावरच भिस्त.

इंग्रजीची पातळी 4 आता आंतरराष्ट्रीय उड्डाणांना सक्तीची आहे आणि दर तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा होते. हे चांगलं झालं, पण सुबांगची चूक इंग्रजी कच्चं असल्यामुळे झालेली नव्हती. एएमवर दोघे एकाच वेळी बोलले की नुसती शिट्टी ऐकू येते, यावरही भाषेची परीक्षा हा उपाय नाही. टायपून निरोप पाठवायची सोय आहे, पण तिचं उत्तर यायला लागणारा वेळ ॲप्रोचमध्ये परवडत नाही. खरा उपयोग होतो तो मोड एसचा, म्हणजे विमानातली माहिती आपोआप रडारला कळवणाऱ्या यंत्रणेचा. पायलटने ऑटोपायलटमध्ये भरलेली उंची कंट्रोलरच्या पडद्यावर उमटते. कानाने सुटलेलं डोळ्याला सापडतं.

आरटीआरची, म्हणजे विमानाच्या रेडिओवर बोलण्याच्या परवान्याच्या परीक्षेची, तयारी करणाऱ्या मुलामुलींनी एक सवय आत्ताच लावून घ्यावी. शंका आली की ‘कन्फर्म फोर हंड्रेड?’ असं विचारू नये. समोरचा घाईत असतो, आपलाच आकडा ऐकतो आणि ‘अफर्म’ म्हणून टाकतो. ‘से अगेन ऑल्टिट्यूड’ म्हणावं, म्हणजे आकडा त्याला स्वतःच्या तोंडाने पुन्हा सांगावा लागतो.