मागे वळलेले हँडल : तीन महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या हायब्रिड सायकलचे सरळ हँडल काढून त्या जागी मागे वळलेले ॲल्युमिनियमचे हँडल बसवले, त्याला तीन महिने होत आले. स्वारगेटहून सिंहगड रस्त्याने खडकवासल्याला जाताना धायरी फाटा येईपर्यंत दोन्ही हातांची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होत असे, आणि या एका त्रासापायी रविवारची सायकल सोडून द्यावी की काय, इथपर्यंत विचार आला होता. तळहाताच्या करंगळीकडच्या कडेने अल्नर नावाचा मज्जातंतू जातो. मनगट अवघडलेले राहून अंगाचा भार तिथे पडत राहिला की नेमक्या याच दोन बोटांना मुंग्या येतात. जेलचे हातमोजे आणि जाड ग्रिप वापरून पाहिल्या, पण त्यांनी मुंग्या थोड्या उशिरा येत, एवढेच.

नव्या हँडलच्या मुठी साधारण ३० अंशांनी मागे वळलेल्या आहेत. हात सहज पुढे केल्यावर पंजा ज्या तिरकसपणे मिटतो, त्याच तिरकसपणे मूठ हाती येते, आणि पाठही थोडी सरळ राहते. मागच्या रविवारी धरणापाशी भाजलेले कणीस घेतले, तेव्हा दाणे सोलताना दोन्ही करंगळ्या पूर्ण जाग्या होत्या. एवढ्यासाठी मोजलेले १,४५० रुपये मला मुळीच जास्त वाटत नाहीत.

खरेदीपूर्वी मापे मात्र स्वतः तपासावीत. माझ्या स्टेमची, म्हणजे हँडल सायकलला जोडणाऱ्या आखूड दांड्याची, पकड ३१.८ मिलिमीटरची आणि हँडलचा मधला भाग २५.४ मिलिमीटरचा निघाल्यामुळे मध्ये शिम, म्हणजे फट भरणारी पातळ पट्टी, घालावी लागली. मुठीकडचा व्यास जुन्याइतकाच, म्हणजे २२.२ मिलिमीटर, असल्याने ब्रेक लिव्हर आणि गिअर शिफ्टर जुनेच चालले. रेसिंग सायकलचे खाली वळलेले हँडल घेतले असते, तर तेही बदलावे लागले असते.

तक्रार आहे ती बसवण्याच्या कामाबद्दल. पेठेतल्या ज्या दुकानात हे काम करून घेतले, तिथल्या मिस्त्रींनी जुन्याच केबल ओढूनताणून जोडल्या. घरी पार्किंगमध्ये हँडल पूर्ण डावीकडे वळवले, तेव्हा पुढच्या ब्रेकच्या केबलचे काळे कव्हर लिव्हरच्या खोबणीतून बाहेर आले आणि चाक जागीच आवळले गेले. भर चौकात हे झाले असते, तर मी तोंडावर पडलो असतो, आणि म्हणूनच तो निष्काळजीपणा मला अजून माफ करता आलेला नाही. दुसरीकडे लांब केबल घालून घेतल्या, त्याचे ६०० रुपये वेगळे गेले. काम ताब्यात घेताना हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ब्रेक दाबून पाहावा, आणि स्टेमवर न्यूटन मीटरचा (बोल्ट किती जोराने आवळायचे त्याच्या मापाचा) आकडा छापलेला असेल, तर बोल्ट तेवढेच आवळायला सांगावेत.

कात्रजच्या चढावर उभे राहून पेडल मारताना गुडघे मुठींच्या फार जवळ येतात. हात मागे आल्याचा हा परिणाम आहे, त्यामुळे थोडा लांब स्टेम घेण्याचे मी ठरवले आहे. वेगासाठी वाकून सायकल चालवणाऱ्यांना हे हँडल मी सुचवणार नाही. रोज कामावर सायकलने जाणाऱ्यांना आणि बोटांना मुंग्या येणाऱ्यांना मात्र जरूर सुचवीन.