टोस्टमास्टर्स: भीती जाते, करिश्मा अर्धाच येतो

माईक हातात आला की पाय लटपटत असतील, तर टोस्टमास्टर्सचा, म्हणजे एकमेकांसमोर भाषणाचा सराव करणाऱ्यांचा क्लब डोळे झाकून लावावा. पण बोलण्यात नेत्याचं वजन यावं म्हणून जाणाऱ्यांनी तिथे नक्की काय मिळतं ते आधी बघितलेलं बरं.

1924 साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या या संस्थेचं खरं बळ घड्याळात आहे. तयारीचं भाषण बहुतेकदा 5 ते 7 मिनिटांचं. पाचव्या मिनिटाला हिरवी खूण, सहाव्याला पिवळी, सातव्याला लाल, वर 30 सेकंदांची सूट. मग एक सभासद 2-3 मिनिटांत भाषणाचं मूल्यमापन करतो. 'अं', 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' मोजणारा माणूस वेगळाच. उत्स्फूर्त फेरीत विषय तिथल्या तिथे मिळतो आणि 1-2 मिनिटं बोलायचं. मराठीत मिनिटाला शंभरेक शब्द धरा आणि मसुदा सहाशेच्या आसपास ठेवा. नवखे हजार शब्द आणतात, लाल खूण दिसली की शेवट गुंडाळतात. लोकांच्या लक्षात राहायचा भाग नेमका तोच असतो.

स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठातले जॉन अँटोनाकिस आणि सहकाऱ्यांनी करिश्म्याची 12 तंत्रं वेगळी काढली आहेत: नऊ शब्दांची, तीन आवाज, चेहरा आणि हातवाऱ्यांची. 2011 च्या त्यांच्या अभ्यासात ती शिकवल्यावर व्यवस्थापक लोकांना जास्त प्रभावी वाटू लागले. यातली उपमा, किस्सा, दोन गोष्टींतला विरोध, प्रश्न, तीन मुद्द्यांची मांडणी क्लबमध्ये उत्तम घोटली जाते. नैतिक ठामपणा, समोरच्यांच्या मनातलं बोलणं, मोठं ध्येय आणि ते गाठण्याची खात्री मात्र राहून जाते. टिळकांचं 'स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो मी मिळवणारच' घ्या. पहिल्या अर्ध्यात ठामपणा, दुसऱ्यात खात्री, अलंकार एकही नाही.

क्लबमध्ये हे जमत नाही, कारण तिथे टाळी ठरलेली असते. वीस माणसांच्या खोलीत बोलणं फसलं तरी ती पडतेच. शिवाजी पार्कवर बाळासाहेब ठाकऱ्यांनी 'जमलेल्या माझ्या तमाम हिंदू बांधवांनो, भगिनींनो आणि मातांनो' म्हटलं की गर्जना उठायची, आणि ती ओसरेपर्यंत पुढचा शब्द यायचा नाही. राजकारण पटो न पटो, हे थांबणं अभ्यासण्यासारखं आहे. लाल खुणेच्या धाकात तयार झालेला वक्ता टाळ्या चालू असतानाच पुढचं वाक्य सुरू करतो, आणि ते कुणालाच ऐकू जात नाही.

तरीही क्लबमधून जास्त काढता येतं. मूल्यमापकाला ही 12 तंत्रं आधीच लिहून द्या, कोणतं किती वेळा आलं ते मोजायला सांगा. 'माझा आवडता प्रवास' छापाचे विषय टाळा. ज्यावर सोसायटीच्या सभेत भांडायला उभे राहाल तो घ्या. पाच मिनिटांचाच मजकूर लिहा, उरलेला वेळ थांबण्यासाठी. मग तेच भाषण गणपतीच्या मंडपात करून बघा, जिथे मागच्या रांगेत पोरं दंगा करत असतात.

आंतरराष्ट्रीय वर्गणी सहा महिन्यांना 60 डॉलर, नव्या सभासदाला एकदाच 20 डॉलर जास्त. क्लबचा स्थानिक खर्च निराळा. भीती घालवण्यासाठी हे पैसे वसूल होतात. दर्जा मात्र क्लबागणिक बदलतो, म्हणून आधी पाहुणे म्हणून दोन-तीन बैठकांना जा. मूल्यमापन 'खूप छान, असंच बोलत राहा' इथेच संपत असेल तर दुसरा क्लब शोधा.